ठोकळा सरकतोय का, ते आधी सांगा

घर्षणाचं गणित समोर आलं की हात आपोआप एकाच सूत्राकडे जातो: घर्षण बल म्हणजे घर्षणांक गुणिले लंब बल (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो रेटा). आकडे टाकले, गुणाकार केला, मोकळे झालो. गंमत अशी की हे सूत्र दोनच प्रसंगी खरं असतं. एक, वस्तू प्रत्यक्ष घसरत असते तेव्हा; आणि दुसरा, ती घसरण्याच्या अगदी काठावर असते तेव्हा. एरवी, म्हणजे वस्तू जागच्या जागी ठाम बसलेली असते तेव्हा, घर्षण किती आहे हे या सूत्रातून कळतच नाही. ते बाकीच्या बलांवरून काढावं लागतं. म्हणून पेन टेकवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: वस्तू सरकतेय का?

आकडे घेऊनच बघू. सपाट टेबलावर ५ किलोचा ठोकळा. स्थितिक घर्षणांक (वस्तू थांबलेली असतानाचा) ०.४, गतिक घर्षणांक (ती घसरत असतानाचा) ०.३, गुरुत्व त्वरण ९.८. ठोकळ्याचं वजन ४९ न्यूटन, टेबल सपाट आणि ढकलणं आडवं, त्यामुळे लंब बलही ४९. आता १० न्यूटन बलानं आडवं ढकला. घर्षण किती? ०.४ गुणिले ४९ म्हणजे १९.६, असं उत्तर हमखास येतं. पण क्षणभर थांबून विचार करा. ढकलणारं बल १० आणि अडवणारं १९.६ असेल, तर ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला हवा! तसा तो येत नाही. ठोकळा हलत नाहीये, म्हणजे त्यावरचं निव्वळ बल शून्य, म्हणजे घर्षण बरोबर १० न्यूटन. ५ नं ढकललं तर ५, १९ नं ढकललं तर १९. अजिबात ढकललं नाही तर शून्य.

स्थितिक घर्षण जेवढ्यास तेवढं असतं. १९.६ ही त्याची कमाल मर्यादा, त्याची किंमत नव्हे. ढकल २० न्यूटनवर गेली की मर्यादा ओलांडली जाते, ठोकळा सुटतो, आणि सुटताक्षणी घर्षण १४.७ वर उतरतं, कारण आता ०.३ चा गतिक घर्षणांक लागू झाला. ढकल २० वरच ठेवली तर निव्वळ बल ५.३ आणि त्वरण सुमारे १.०६ मीटर प्रति सेकंद वर्ग. जड कपाट हलवताना ते अचानक सुटतं आणि आपण पुढे हेलपाटतो, ते याच उतारामुळे. सुटल्यानंतर एकसारख्या वेगानं सरकवायचं असेल तर जोर १४.७ वर आणावा लागतो.

हीच गफलत भिंतीवरच्या पुस्तकात जास्त लपून बसते. अर्धा किलोचं पुस्तक तळव्यानं भिंतीवर दाबून धरलंय. पुस्तक आणि भिंत यांच्यातला स्थितिक घर्षणांक ०.३५ धरा, आणि तळवा वर-खाली काही जोर लावत नाही असं समजा. इथे लंब बल म्हणजे वजन नव्हे, तर तळव्याचा आडवा दाब. पुस्तक पडू नये म्हणून घर्षणानं ४.९ न्यूटनचं वजन पेलायला हवं, त्यासाठी दाब किमान ४.९ भागिले ०.३५, म्हणजे १४ न्यूटन लागतो. आता दाब ३० केला तर घर्षण किती? १०.५ नाही. ४.९ च. १०.५ असतं तर पुस्तक भिंतीवर वर चढलं असतं. दाब वाढवल्यानं मर्यादा वाढते, घर्षण नाही.

दुसरी सवय मोडायची ती लंब बलाच्या जागी सरळ वजन लिहून टाकण्याची. लंब बल म्हणजे पृष्ठभागानं वस्तूला स्वतःशी काटकोनात दिलेला रेटा. तो वजनाइतका असतो फक्त पृष्ठभाग सपाट असताना, उभ्या दिशेनं दुसरं कुठलंही बल नसताना आणि उभ्या दिशेनं त्वरणही नसताना. वरचाच ५ किलोचा ठोकळा दोरीनं ३० अंश वरच्या दिशेनं, २० न्यूटन बलानं ओढा. आडवा घटक १७.३, उभा घटक १०. हा उभा घटक ठोकळ्याला किंचित उचलून धरतो, त्यामुळे लंब बल ४९ वरून ३९ वर येतं. मर्यादा ०.४ गुणिले ३९, म्हणजे १५.६. आडवा घटक तिच्यापेक्षा जास्त, म्हणून ठोकळा सरकतो, गतिक घर्षण ११.७ आणि त्वरण १.१२ च्या आसपास. आडव्या ढकलीपेक्षा थोडं जास्तच.

आता तेच २० न्यूटन, तोच ३० अंशांचा कोन, पण मागून खालच्या दिशेनं तिरकं ढकला. लंब बल ५९, मर्यादा २३.६, आडवा घटक तोच १७.३. ठोकळा ढिम्म. घर्षण यावेळी १७.३, कारण वस्तू हललेलीच नाही. बल तेवढंच, कोनही तेवढाच, फक्त ओढण्याऐवजी ढकललं तर काम होत नाही. ढकलण्याचा कोन आणखी उभा करत गेलं तर एक टोक असं येतं की तिथून पुढे कितीही जोर लावा, ठोकळा हलणार नाही. जोर वाढतो त्याच प्रमाणात मर्यादाही वाढत जाते. स्थितिक घर्षणांक ०.४ असेल तर हा कोन आडव्याशी सुमारे ६८ अंश. उलट ओढताना कमीत कमी बलात काम व्हावं असं वाटत असेल तर दोरी ज्या कोनात धरायची त्याचा टॅन घर्षणांकाएवढा हवा. ठोकळा जागचा हलवण्यासाठी तो कोन २१.८ अंश, आणि तिथे १८.२ न्यूटन पुरतात. आडवं ओढलं तर १९.६ लागले असते. फार मोठी बचत नाही, पण फुकटची आहे.

उतारावर सगळे हिशेब साईन-कोसाईनचे होतात आणि तिथे घाईत अदलाबदल होते. लक्षात ठेवायची खूण सोपी: उतार शून्य केला तर घसरवणारा घटक शून्य व्हायला हवा, म्हणून तो साईनवाला, आणि लंब बल वजनाएवढं व्हायला हवं, म्हणून ते कोसाईनवालं. २ किलोचा ठोकळा २० अंशांच्या फळीवर ठेवला, घर्षणांक तेच, ०.४ आणि ०.३. वजन १९.६, उताराला समांतर घटक ६.७, लंब बल १८.४, मर्यादा ७.४. समांतर घटक मर्यादेच्या आत, म्हणजे ठोकळा बसून राहतो आणि घर्षण ६.७. उत्तरपत्रिकेत ७.४ लिहिणाऱ्यानं न सरकणाऱ्या ठोकळ्याला वर चढवलं.

फळी २५ अंशांवर नेली की समांतर घटक ८.३ होतो, मर्यादा ७.१ वर येते आणि ठोकळा सुटतो. गतिक घर्षण ५.३, त्वरण १.४८. इथे वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं, त्यामुळे २ किलोऐवजी २० किलोचा ठोकळा ठेवला तरी तो त्याच कोनाला सुटेल आणि त्याच त्वरणानं घसरेल.

त्याच २५ अंशांच्या फळीवर ठोकळ्याला ३ मीटर प्रति सेकंद वेगानं वर सरकवून सोडा. वर जाताना घर्षण उताराच्या खालच्या दिशेला, म्हणजे गुरुत्वाच्या घटकाला सामील, मंदन ६.८१. ठोकळा ६६ सेंटीमीटर चढून ०.४४ सेकंदात थांबतो. थांबला की परत तोच प्रश्न विचारायचा: आता तो सरकेल का? २५ अंशांवर सरकतो, कारण सुटण्याचा कोन २१.८ अंश. खाली येताना घर्षण वरच्या दिशेला, त्वरण १.४८, आणि तेच ६६ सेंटीमीटर उतरायला जवळपास ०.९४ सेकंद लागतात. चढण्याच्या दुपटीहून जास्त. फळी २० अंशांची असती तर ठोकळा वर थांबून तिथेच राहिला असता. जाण्या-येण्याला एकच त्वरण लावलं की हे सगळं निसटतं.

थांबण्याचा क्षण हा आणखी एक खड्डा. सपाट टेबलावर ३ मीटर प्रति सेकंद वेगानं निघालेला ठोकळा, गतिक घर्षणांक ०.३, २ सेकंदांनंतर कुठे असेल? मंदन २.९४. गतीच्या समीकरणात २ सेकंद घातले की वेग येतो उणे २.८८ आणि विस्थापन १२ सेंटीमीटर. म्हणजे ठोकळा पुढे जाऊन, वळून, जवळजवळ सुरुवातीच्या जागी परतला! समीकरणाचा दोष नाही. ठोकळा १.०२ सेकंदात १.५३ मीटरवर थांबला आणि तिथेच घर्षण संपलं, कारण सपाट टेबलावर थांबलेल्या वस्तूला कुणी ढकलत नसेल तर घर्षण शून्य. खरं उत्तर १.५३ मीटर. म्हणून अशा गणितात थांबायला लागणारा वेळ आधी काढायचा आणि विचारलेल्या वेळेशी ताडून बघायचा. जाता जाता, थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं: वेग दुप्पट, ६ मीटर प्रति सेकंद, तर अंतर चौपट, ६.१ मीटर. वजनाचा त्यात काही संबंध नाही.

दिशेबद्दल 'घर्षण गतीच्या विरुद्ध असतं' हे वाक्य इतकं पाठ झालेलं असतं की ते काढून टाकायलाच मेहनत पडते. घर्षण गतीला नव्हे, एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या परस्पर घसरण्याला विरोध करतं. ४ किलोची फळी गुळगुळीत, घर्षणहीन टेबलावर आहे, तिच्यावर १ किलोचा ठोकळा, दोहोंमधला स्थितिक घर्षणांक ०.५ आणि गतिक ०.४. फळी १५ न्यूटननं ओढली. दोघं एकत्र जातील असं आधी धरून चालायचं: त्वरण १५ भागिले ५, म्हणजे ३. ठोकळ्याला हे त्वरण देण्यासाठी ३ न्यूटन लागतात, आणि ते देणारं दुसरं कुणीच नाही, फक्त फळीचं घर्षण. पुढच्या दिशेला, म्हणजे ठोकळ्याच्या गतीच्याच दिशेला. मर्यादा ४.९, गरज ३, तेव्हा धरलेलं बरोबर निघालं. घर्षण ३ न्यूटन.

ओढ ३० केली तर एकत्र जाण्यासाठी त्वरण ६ लागेल, ठोकळ्याला ६ न्यूटन हवेत, घर्षण जास्तीत जास्त ४.९ देऊ शकतं. धरलेलं मोडलं, ठोकळा घसरतो. आता गतिक घर्षण ३.९२, ठोकळ्याचं त्वरण ३.९२, फळीचं ३० वजा ३.९२ भागिले ४, म्हणजे ६.५२. ठोकळा फळीवर मागे सरकताना दिसतो, पण जमिनीच्या हिशेबानं तो पुढेच चाललाय. धरून चाला, गरज काढा, मर्यादेशी ताडा: दोन वस्तूंच्या कुठल्याही गणितात ही चाल फसत नाही. दोघांना एकत्र ठेवणाऱ्या ओढीची सीमा हवी असेल तर ५ गुणिले ४.९, २४.५ न्यूटन.

सूत्रात क्षेत्रफळ का नाही, हा प्रश्न मात्र खरोखर चांगला आहे. ठोकळा रुंद बाजूवर ठेवा की अरुंद बाजूवर, घर्षण जवळपास तेवढंच येतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत हे निरीक्षण आहे. गियोम आमोंतोंनं १६९९ साली ते नव्यानं मांडलं आणि शार्ल कुलोमनं, विद्युतभाराच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेल्याच कुलोमनं, अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर कसून प्रयोग केले. कारण उलगडायला मात्र विसावं शतक उजाडलं. केंब्रिजमध्ये बोडन आणि टेबर यांनी दाखवलं की दोन पृष्ठभाग दिसायला पूर्ण टेकलेले असले तरी प्रत्यक्षात ते फक्त बारीक उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. १० किलोचा पोलादी ठोकळा पोलादी पाटावर ठेवला तर खरा स्पर्श होतो तो चौरस मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. त्या टोकांवर दाब इतका प्रचंड असतो की धातू तिथे चेपतो, आणि भार पेलता येईल इतका स्पर्श तयार होईपर्यंत चेपत राहतो. भार दुप्पट, तर खरा स्पर्श दुप्पट. ठोकळा उभा करा की आडवा, भार तोच, म्हणून खरा स्पर्शही तोच. दिसणारं क्षेत्रफळ या हिशेबात येतच नाही.

यावरून हेही कळतं की 'खडबडीतपणा म्हणजे घर्षण' हे अर्धवट आहे. अतिशय सपाट आणि स्वच्छ केलेले धातू एकमेकांवर जास्त चिकटतात. कार्यशाळेतले स्लिप गेज, म्हणजे मोजमापासाठीचे अचूक जाडीचे गुळगुळीत ठोकळे, एकमेकांवर दाबून फिरवले की जोडल्यासारखे धरून राहतात. रबर तर हे नियम फारसे पाळत नाही. त्यावर भार वाढला की घर्षणांक कमी होतो. आणि घर्षणांक १ पेक्षा जास्त असू शकत नाही, ही समजूतही चुकीची. कोरड्या काँक्रीटवर रबराचा स्थितिक घर्षणांक १ च्या आसपास असतो आणि काही रबरांचा त्याहून जास्त. १ पेक्षा जास्त याचा अर्थ एवढाच की वस्तू ४५ अंशांहून उभ्या उतारावरही बसून राहील.

घर्षणांक मोजून बघायचा असेल तर दोन रस्ते. पहिला ताणकाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावरून बल दाखवणाऱ्या काट्याचा. तळ सपाट असलेला २०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा, त्यावर २०० ग्रॅमची वजनं एकेक वाढवत १ किलोपर्यंत जायचं. ताणकाटा आडवा धरून त्याचा शून्य आधी बघा. उभा धरून जुळवलेला काटा आडवा केला की त्याच्या हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंगवरून उतरतं आणि दर्शक शून्याच्या थोडा अलीकडे जातो. दोरी टेबलाला समांतर हवी: घर्षणांक ०.४ असताना दोरी १० अंश वर गेली तर वाचन सुमारे ५ टक्क्यांनी कमी येतं. हुक ठोकळ्याच्या तळाजवळ लावा. वर लावला तर ठोकळ्याची पुढची कड रुतते. झटका द्यायचा नाही. चार-पाच सेकंद घेऊन हळूहळू ओढ वाढवायची, ठोकळा सुटण्याआधीचा सगळ्यात मोठा आकडा टिपायचा, तो स्थितिक. मग संथ, एकसारखं ओढत असतानाचा आकडा गतिक. ओढताना दर्शक पुढे-मागे नाचत असेल तर ठोकळा अडकत-सुटत चाललाय. फळ्यावर खडू किरकिरतो तेव्हा हेच घडतं. अशा वेळी वेग थोडा वाढवा किंवा दोरी कमी ताणणारी घ्या. प्रत्येक वजनाला पाच वाचनं घ्या आणि वाचनांच्या मध्ये पृष्ठभागाला बोट लावू नका. बोटांचं तेल लागलं की घर्षणांक बदलतो.

घर्षणांक एकेका वाचनाच्या भागाकारातून काढू नका, आडव्या अक्षावर लंब बल आणि उभ्या अक्षावर घर्षण घेतलेल्या आलेखाच्या चढावरून काढा. समजा काट्यात ०.२ न्यूटनचा शून्यदोष राहून गेलाय. २०० ग्रॅमला, म्हणजे १.९६ न्यूटन लंब बलाला, खरं घर्षण ०.८ असताना काटा १.० दाखवेल आणि भागाकार येईल ०.५१. १ किलोला ३.९ च्या जागी ४.१ दिसेल, भागाकार ०.४२. दोन वेगळे घर्षणांक आणि दोन्ही चुकीचे. पण दोन वाचनांमधला फरक ३.१, लंब बलातला फरक ७.८४, चढ ०.४०. शून्यदोष आपोआप गळून पडला. रेषा आरंभबिंदूतून न जाता ०.२ वर उभ्या अक्षाला छेदते, ती त्या दोषाची खूण.

दुसरा रस्ता फळी हळूहळू उचलण्याचा. ठोकळा सुटला त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणांक. कोनमापकानं २० अंशांत एका अंशाची चूक झाली तर उत्तरात ०.०२ चा, म्हणजे ५ टक्क्यांहून थोडा जास्त फरक पडतो, त्यापेक्षा उंची मोजणं बरं. पण इथे हमखास होणारी चूक: १०० सेंटीमीटरच्या फळीचं टोक ३५ सेंटीमीटरवर असताना ठोकळा सुटला, म्हणून घर्षणांक ०.३५. नाही. उंची भागिले फळीची लांबी म्हणजे साईन. टॅनसाठी उंचीला जमिनीवरच्या अंतरानं भागायचं, ते ९३.७ सेंटीमीटर, आणि उत्तर ०.३७. ठोकळा बुटका निवडा: उताराच्या दिशेनं ४ सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच ठोकळा ०.३३ च्या टॅनलाच उलथतो, घसरायची वेळच येत नाही. गतिक घर्षणांकासाठी कोन कमी करत जा आणि प्रत्येक कोनाला फळीला टिचकी मारून ठोकळा सुरू करून द्या. ज्या कोनाला तो वेग न वाढवता, न थांबता घसरत राहतो त्याचा टॅन घ्या. त्याऐवजी २५ अंशांवर १ मीटर घसरायला लागणारा वेळ स्टॉपवॉचनं मोजायला गेलात तर मोजायचे सगळे १.१६ सेकंद, आणि बोटाची चूक सहज ०.२ सेकंदांची. त्वरणात वेळेचा वर्ग येतो, त्यामुळे ते ३० टक्क्यांच्या वर चुकू शकतं. मोबाईलवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन घ्या आणि चौकटी मोजा.

दोन्ही रस्त्यांची उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत. ०.३८ आणि ०.४१ आले तर तो प्रयोग चांगला झाला. ०.३० आणि ०.४५ आले तर आधी फळीच्या रेषांची दिशा बघा, ठोकळा दोन्ही वेळा त्याच बाजूवर ठेवला होता का ते आठवा, आणि तळाला कुठे धूळ किंवा भुसा चिकटलाय का ते उलटून पाहा.